झेलणारीची सोय

मी, खाली सही करणारी, खेळणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेली, जिला तिथे सगळे 'आदळआपट' म्हणत, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण पुढचं वाचून माझ्या पुतण्याला शंका येणार.

१. माझा जन्म खेळणी आपटण्यात गेला. पोराच्या हातून सुटेल तेवढ्या उंचीवरून खेळणं फरशीवर सोडायचं, मग त्यावर लोखंडी वजन टाकायचं. तुकडा उडाला तर घशाएवढ्या नळकांड्यात घालून बघायचा. आत मावला, की खेळणं बाद. नवीन माणसाला पहिला नियम एकच: पडणाऱ्या वस्तूला हात लावायचा नाही. हात आपोआप पुढे जातो ना! साहेब ओरडायचे, "अहो, झेलता काय? पडू द्या!" ही सवय इतकी अंगात मुरली, की घरी कपबशी सुटली तरी मी ढिम्म. आमचे हे कपाळाला हात लावायचे.

२. बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे बहिणीच्या मुलीला. पुतण्याला माझा मिक्सर. दुरुस्तीला म्हणून त्यानेच नेला होता आणि सहा महिन्यांनी तसाच आणून दिला. आता सावकाश दुरुस्त करावा.

३. या घरात मी एकटी नाही. मला मूलबाळ नाही. हे गेल्यावर एकदा प्रयोगशाळेतून एक लाकडी बदक घरी आणलं, सगळ्या परीक्षांत पास झालेलं. त्याच संध्याकाळी ओट्यावरून वाटी पडली आणि आवाजच आला नाही. वाकून बघते तर वाटी फरशीवर अलगद ठेवलेली. घाबरले, नाही कशाला म्हणू? पण हाडाची तपासनीस मी. वाटीला बाहेरून ओलं पीठ फासलं आणि पुन्हा सोडली. पिठात बोटं उमटली, दोन्ही हातांची. लहान मुलांच्या हातांची मापं मला पाठ आहेत. तीन वर्षांची असावी. मुलगी हे आपलं मी धरून चालले, बोलायला बरं पडतं. दर वर्षी पीठ फासून पाहते. मी म्हातारी झाले, बोटं तेवढीच आहेत.

४. हे घर तिच्या नावे करायचं होतं. वकीलबाई म्हणाल्या, "मावशी, असं लिहिता येत नाही. जन्मदाखला लागतो."

"तो असता तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

म्हणून घर भाचीला. ती लहानपणी इथे जेवताना म्हणाली होती, "मावशी, तुझ्याकडे कोण राहतं गं? माझा पडलेला चमचा तिने परत दिला." घाबरली नव्हती, उलट 'थँक्यू' म्हणाली होती. अटी अशा: घर पाडायचं नाही. फरशीवर गालिचा घालायचा नाही. बदक रोज एकदा ओट्यावरून सोडायचं; तिला तेवढाच खेळ. पुतण्या मागे म्हणाला, "काकू, रिकामं घर पाडायला कितीसा वेळ लागतो?" मी म्हटलं, "रिकामं नाही रे." त्यावर त्याने बायकोकडे बघून डोळे फिरवले. ते मी पाहिलं, हे त्याला कळावं म्हणून इथे लिहिलं.

५. गेल्या महिन्यात बाथरूमच्या दारात माझा पाय घसरला. आता डोकं आपटणार, तेवढ्यात काखेत दोन इवलेसे हात आले आणि मी जमिनीला हळूच टेकले. डॉक्टर म्हणाले, "या वयात खुब्याचं हाड जायला हवं होतं. नशीबवान आहात." डोंबलाचं नशीब! त्यानंतर कित्येक दिवस घरात जे पडेल ते फुटत होतं. मग एकदा वाटी झेलली गेली, पण पिठात एकाच हाताची बोटं. मी तिथेच बसून रडले. वरून वजन पडलं की लहान वस्तूचं काय होतं, ते मी जन्मभर पाहिलं आहे. आता दोन्ही हात बरे आहेत. आज सकाळीच तपासलं. पण माझा तोल रोज जातो. मी पुन्हा पडणार, आणि ती पुन्हा माझ्याखाली येणार.

६. म्हणून माझ्याकडचा एकुलता एक नियम मी तिला देऊन जाते. बाळा, मी पडले किंवा माझ्या हातून काही सुटलं, की हात लावायचा नाही. लांब उभी राहा. पडू दे मला. माझी भाची तुला सांभाळेल. तिची भांडी झेल हवी तेवढी, तिला झेलू नकोस.

वरचा सगळा मजकूर वकीलबाईंनी आमच्यासमोर मोठ्याने वाचला. मला आणि साक्षीदारांना तो समजला.

साक्षीदार: शेजारचे शिंपी (सही). दाखला देणारे डॉक्टर (सही).
ठिकाण: याच घराचं स्वयंपाकघर. तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यातली.

ता. क. साक्षीदारांच्या सह्या झाल्यावर मी पेन मुद्दाम ओट्यावरून सोडलं. ते फरशीवर खणकन आपटलं. शिंपी उचलायला वाकले. मी म्हटलं, "राहू द्या. तिने ऐकलं."

शहाणं गं माझं बाळ.

(सही)