आयविंदच्या शेवटच्या रोलबाबत

मी, राग्नफ्रिड हेस्टनेस, निवृत्त छायाचित्रकार, राहणार क्रिस्तियानसुन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. गुडघे गेले आहेत. डोकं शाबूत आहे.

माझं राहतं घर, तळघरातल्या डार्करूमसह, माझी भाची गुन्वोर हिला द्यावं. बँकेतली शिल्लक समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या संस्थेला द्यावी. माझा भाऊ आयविंद, म्हणजे गुन्वोरचा बाप, तिच्या जन्माआधीच होडीसकट बुडाला. तेव्हा संस्थेची होडी जवळपास नव्हती, फक्त शेजारी शोधायला गेले होते.

मोठा कॅमेरा धाकटा भाऊ तूर्मुद याला देऊ नये. आयविंदच्या कॅमेऱ्याचे दोन न धुतलेले फिल्म-रोल त्याच्या बायकोच्या, म्हणजे माझी वहिनी ओशिल्ड हिच्या माळ्यावर, चुलीच्या धुराड्याजवळ, चाळीस वर्षं पडून होते. त्यातला एक तूर्मुदने मला न विचारता शहरातल्या दुकानात धुवायला टाकला. सगळा करडा झाला, चित्र एकही उमटलं नाही. "जुनी फिल्म आहे, दुसरं काय होणार!" म्हणाला.

दुसरा रोल मी हाती घेतला. आधी त्याच काळातल्या एका कोऱ्या रोलचे तुकडे कापून चाचण्या घेतल्या. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, तीव्र पण थंड, वेळ कमी, आणि त्यात ब्रोमाइडची चिमूट, म्हणजे जुनेपणाचं धुकं दबतं आणि चित्र वर येतं. चिमूट जास्त पडली तर चित्रही बुडतं. योग्य प्रमाण सापडेपर्यंत खरा रोल मी उघडला नाही.

वहिनी ओशिल्ड दारात उभी राहून म्हणायची, "कशाला उकरतेस? त्याला घर नको होतं, पोर नको होतं. भांडून गेला तो." गुन्वोर हेच ऐकत वाढली.

धुतल्यावर बरीच चित्रं पुसट निघाली. एक स्वच्छ होतं: आयविंद धक्क्यावर उभा, नवा पाळणा डोक्यावर टोपीसारखा धरून हसतोय.

गुन्वोरने विचारलं, "आत्या, हा फोटो कुणी काढला?"

"मी," दारातून ओशिल्ड म्हणाली. चित्राजवळ आली. मग म्हणाली, "पाळणा त्यानेच केला होता. तो गेल्यावर मी फोडून चुलीत घातला."

गुन्वोर उठून बाहेर गेली. त्या रविवारी आईकडे जेवायला आली नाही. पुढच्या रविवारी आली.

ती निगेटिव्ह गुन्वोरची. तिच्यावरून काढलेली, माझ्या भिंतीवरची चौकटीतली मोठी प्रत ओशिल्डची.

साक्षीदार म्हणून सही करायला ओशिल्ड आज आली होती. वकील म्हणाले, "ज्यांना काही मिळणार, त्यांची सही चालत नाही."

"मग त्या प्रतीपुढचं माझं नाव खोडा," ती म्हणाली.

मी खोडलेलं नाही.

साक्षीदार: ब्योर्ग सोलेम, शेजारीण; हालवार्ड निग्रेन, घड्याळजी
सही: राग्नफ्रिड हेस्टनेस
क्रिस्तियानसुन, ९ ऑक्टोबर २००९