मापाच्या तळचं मेण

प्रिय बाबा,

सुनील फोन उचलत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. तुम्ही तरी कुठे उचलणार! पण स्वस्थ बसवत नाही, आणि माझी भीती ऐकून न हसणारं दुसरं माणूस मला आठवत नाही.

आज शुक्रवार, इकडे आखातात सुट्टीचा वार, म्हणून सित्र्याचं वर्कशॉप बंद. जिदहफ्सच्या बाजारातून मासे आणून साफ करत होतो, तेवढ्यात सुनीलने फोटो पाठवला. वर्तमानपत्रावर मांडलेल्या शिशाच्या ताज्या गोळ्या आणि शेजारी बांबूची कोरी नळी. सोबत आवाज: "दादा, बाबांच्या मापाएवढीच कापलंय बघ. सांजचे डुकर भातात उतरतत. आज एकाक आडवो करतलंय."

तुमची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची होती ना? लायसन तुमच्या नावाचं, आणि तुम्ही तर गेलात. पण धाकट्याचं आपलं एकच, भात घरात येऊ दे, मग नेतो.

गोळ्या बघून तुमचा वैशाख आठवला. पडवीमागची चूल, लोखंडी पळीत वितळणारं शिसं, आणि ओल्या हातांनी जवळ आलो की तुमचं ओरडणं. जरा सुरकुतलेली गोळी दिसली की ती परत पळीत. मग फणसाच्या फळीवर बार काढून बघायचा. बंदुकीची दारू थोडी कमी, गोळीभोवतीची चिंधी थोडी जाड, पुन्हा बार. त्या ठासणीच्या एकनळीला काय रुचतं ते शोधण्यात किती उन्हाळे घालवलेत तुम्ही! आई म्हणायची, "माझे एवढे लाड कधी केल्यात नाय."

दारू मोजायचं तुमचं माप माझ्याकडे आहे, हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार? तुमचं कार्य आटोपून मी इकडे परतलो, बॅग उघडली, तर कुळथाच्या पिठाच्या डब्यात ती काळवंडलेली नळी. विमानतळावर कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी? आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. माप नाय तर सुनील बार भरूचो नाय." पण मापावाचून कुणी थांबतं का? त्याने आठवणीने नवं कापलं.

फोटोशी ताडून बघायला मी आज नळी काढली. लांबी तीच, जाडीही तीच. जरा बरं वाटलं. सहज बोट आत घातलं, तर ते अर्ध्यात अडलं. खिडकीपाशी नेऊन बघितलं. तळाशी मेण आहे, पिवळं पडलेलं, दगडासारखं घट्ट.

बाबा, आता कळलं. एका वर्षी तुमचा खांदा काळानिळा झाला होता आणि आई मिठाच्या पुरचुंडीने शेकत होती. "पाय घसरलो," म्हणाला होतात. मेण त्यानंतर ओतलंत ना? मग सांगितलं का नाहीत? दारू जास्त होऊन बंदुकीचा धक्का बसला हे पोरांना कळलं असतं तर काय बिघडणार होतं? सुनीलच्या नळीत मेण नाही. तुमच्यावर भरवसा ठेवून तो दुप्पट दारू ठासणार आणि त्या जुन्या लोखंडाला गाल लावणार. मला भयंकर भीती वाटते आहे.

त्याला पाठवलेला एकही निरोप पोचलेला नाही. खोलीतला बिजू म्हणतो, "भाई, उधर नेटवर्क मफी होगा. इंशाल्ला कुछ नहीं होगा." इकडे 'नाही'ला मफीच म्हणतात. भला माणूस आहे. पण आत्ता त्याचाही राग येतोय.

एवढं लिहिलं आणि आईचा फोन लागला.

"सुनील वर शेतात गेलो," ती म्हणाली. "बंदूक घेऊन."

"आई, मापात मेण आसा," एवढंच म्हणालो.

"म्हायत आसा माका. खांदो कोणी शेकलो?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "सकाळी दारू पाण्यात घातलंय. डब्यात करवंटीच्या कोळशाची पूड भरून ठेवलंय. उडात कसो बार?"

मला हसू येणार होतं, पण मध्येच सुचलं ते विचारलं. "आणि तेना सकाळच्या आधीच बंदूक भरून ठेवली आसात तर?"

तिने हा विचार केलाच नव्हता.

फोन ठेवू नको, म्हटलं. तो या कागदाशेजारी चालूच आहे. इथे आत्ता कुठे दुपार कलतेय, तिकडे तिन्हीसांज झाली असेल. रातकिडे ऐकू येताहेत आणि आईचा श्वास. बार झालाच तर तो मला इथे, एसीच्या घरघरीत, ऐकू येईल का? तुम्ही वर आहात ना त्याच्याजवळ? रागावा त्याच्यावर, पण मागे ओढा.

बार ऐकू आला नाही, पण घराच्या पायऱ्यांवर काहीतरी वाजलं. आई कुणाला तरी विचारतेय, "पाय धुतलंस काय रे?"

बाबा, शब्द देतो. दिवाळीच्या रजेत येऊन बंदूक मी स्वतः ठाण्यात नेईन. आणि आता सुनील फोनवर आला की पहिलं त्याला मेणाचं सांगणार, खांद्याचंही. ही तुमची झाकली मूठ मी झाकून ठेवणार नाही.

तुमचा,
थोरला