तोंडावरचा हात

लंडन, बुधवार

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

आज ऑफिसात साहेबांनी विचारलं, "डॉरीन, तुमच्या लिव्हरपूलकडचं हे 'गॉबस्मॅक्ड' म्हणजे काय गं?" मी सांगितलं, गॉब म्हणजे तोंड, बहुतेक आजीच्या आयर्लंडातून आलेलं, तिकडे चोचीला म्हणतात. स्मॅक म्हणजे चापट. आमच्याकडे माणूस थक्क झाला, की स्वतःच्याच तोंडावर फाडकन हात मारतो.

"करून दाखव," म्हणाले. दाखवलं. सगळे हसले.

शनिवारी येतेय, एकटीच. फ्रँक आता येणार नाही, लग्नही होणार नाही. दार उघडशील तेव्हा माझं पोट दिसेलच. तोंडावर हात मारू नकोस. समोरच्या मिसेस रिमर पडद्याआडून बघत असतातच. त्या हाताने माझी बॅग घे आणि दार लाव.

तुझीच,
डॉरीन