सावरीच्या कापसाचं जाकीट

रविवार, ९ एप्रिल १९६१. अमरावती.

आज आमची सौ. वडाळीच्या तलावात अर्धा तास तरंगली, हनुवटी पाण्याच्या चार बोटं वर. चार म्हणजे चार, मी स्वतः मोजली.

दिवाळीत रत्नागिरीला धाकट्या भावाकडे जायचं आणि मी बांधलेली ताडपत्रीची नाव समुद्रात घालायची, हे ठरलेलं. पण तिला पोहता येत नाही. "आधी मले बुडू न देणारं जाकीट दाखवा, मग बसीन नावेत," ही तिची अट.

पहिलं जाकीट अव्वल कापसाचं शिवलं होतं. जिनिंगमध्ये वीस वर्षं बोटांनी कापूस पारखणारा माणूस, दुसरं काय भरणार? कुणी न घालता नुसतंच पाण्यात सोडून पाहिलं, पाव तासात बुडालं. शेजारचा रहीमभाई पिंजारी हसला. "भाऊ, कापूस वात भिजवाले असते, माणूस तरंगवाले नाई. सावर भरा."

सावरीचा कापूस. ज्याचा धड धागा निघत नाही, ज्याला आम्ही जिनिंगच्या दारातही उभं करत नाही. मला कसं सुचलं नाही? असो. तोच भरला, बोटभर अंतरावर टाके घातले, वरून मेणकापड. रबरी कापड घेतलं नाही, उन्हात अंगाला चिकटतं.

आणि आज चार बोटं.

बाहेर ये म्हटलं तर येईना. शेवटी काठावर आली आणि लुगडं पिळत म्हणाली, "वल्हं एकच कावून बनवलं? मी काय समुद्रात नुसती बसून राहू?"

उद्या सागवान पाहतो. तिच्या खांद्याची उंची आत्ताच मोजून घेतली.