तेल पाजलेली गिटार

मंगळवार, २१ नोव्हेंबर १९७८

सुधाकरची गिटार झाली एकदाची. त्याचे बाबा वारल्यापासून हातमाग पडूनच होता, त्याचंच सागवान तासून मीच बनवली. मागाच्या लाकडाले आम्ही तेल पाजतो, म्हणून हिलेही जवसाचं तेल पाजलं, चांगलं भरपूर. तिथंच माती खाल्ली. तारा छेडल्या तर आवाज बद्द, ओल्या ढोलकीवानी. तेल कशाले पाजलं मी?

पोरगा म्हणते, "मस्त झाली वं माय!"

उद्या तो भिलाईले नोकरीवर चालला. म्हटलं, "मग घेऊन जाय."

"गाडीत गर्दी राहते, मोडन. राहू दे इथंच."

खोटं काहून बोलला? आधी भाजीत मीठ जास्त झालं तर ताट सरकवत होता, तोंडावर बोलत होता. आता मले दुखू नये म्हणून जपून बोलते, पाहुण्यावानी. उद्या कशाले, आजच गेला तो घरातून.