धण्याचं पाणी

आई, तुझी नात सोळा वर्षांची झाली आणि ती केटामिन ओढते. तुला हे औषध माहीत नसेल. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनआधी पेशंटला झोपवायला मी ते कितीतरी वर्षं वापरते आहे. इथली पोरं त्याची पावडर नाकातून ओढतात, आणि त्याने मूत्राशय आक्रसून जातं, हे मी ज्युनिअर डॉक्टरांना शिकवते. मीच!

चार महिने ती दर अर्ध्या तासाने बाथरूमला पळत होती. मी काय केलं? तू करायचीस तसे धणे भिजवले, गाळून पेलाभर पाणी तिच्या टेबलावर ठेवत गेले, आणि इन्फेक्शन असेल म्हणून एका डॉक्टर मैत्रिणीकडून अँटिबायोटिक लिहून घेतलं. जीपीकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं नाही, कारण त्या इथल्या मराठी मंडळातल्याच, गणपतीत आरतीला माझ्या शेजारी उभ्या राहतात. लघवीचा त्रास म्हटल्यावर त्या 'हिला कुणी बॉयफ्रेंड आहे का' असं विचारतील, याचीच मला धास्ती. मंगळवारी दुपारी ती बाथरूमच्या दाराशी कळवळत बसली होती. लघवीतून रक्त गेलं होतं. तेव्हा कुठे तिने सांगितलं. मी ओरडले, "अगं, विष आहे ते!"

"मम्मा, तू पेशंट्सना रोज देते ना? मला वाटलं, सेफ असेल." मग हळूच म्हणाली, "आणि तू कधी आस्कच नाही केलं. ते पाणी ठेवून निघून जायची."

मला माझं दहावीचं वर्ष आठवतं. पोट दुखतंय म्हणून मी शाळा बुडवते आहे. तू पोळ्या करता करता गॅस बंद करतेस, पिठाच्या हातांनी माझ्यासमोर बसतेस. "पोट दुखत नाहीये. काय होतंय ते सांग." आणि गप्प बसून राहतेस, मला रडू फुटेपर्यंत. धण्याचं पाणी तू त्यानंतर दिलंस. मी तुझ्याकडून तेवढं पाणीच उचललं गं.

उद्या अकराला तिला स्पेशालिस्टकडे न्यायचंय, तिथून व्यसन सोडवणाऱ्या बाईंकडे. "येते, पण तिकडे डॉक्टर होऊन बोलू नको," असं तिने बजावलंय. काल मी तिच्यासमोर बसून विचारलं, "आज घेतलंस?" ती "हो" म्हणाली. आई, मला काही सुचत नाही. ती माझ्या हातून चालली आहे.

खरं सांगू? या पत्राची पहिली ओळ मी आधी वेगळी लिहिली होती. 'आई, माझ्याकडे एक सोळा वर्षांची पेशंट आली आहे.' तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुझ्यापासूनही लपवत होते.