रविवारचा सॉना आणि चार हजार खेळाडू

ती. इर्मेलीआत्यास,

भाचीचा वाकून नमस्कार (तू बसूनच घे, गुडघे सांभाळ). एक विचारायचंय. ऑनलाइन पोकरमध्ये चार हजार जणांच्या स्पर्धेत उतरावं की चाळीस जणांच्या? घरातली पहिली पदवीधर मी, तीही संख्याशास्त्राची. पण खरं सांगते, मला उत्तर येत नाही.

मोठी स्पर्धा मला तत्त्व म्हणून आवडते. झाडूवाला, प्राध्यापक, सगळे एका रांगेत. कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही. पण ती दुपारी दोनला सुरू होते ती रात्रीच्या जेवणापर्यंत संपत नाही, आणि रविवारी संध्याकाळी सहा ते सात हा इमारतीच्या सामायिक सॉनातला, त्या वाफेच्या खोलीतला, आमचा तास. अकरा वर्षं आमचा. (आधी आई आणि मी, मग बाबा, मग तिघं बाहेरच्या बाकावर टॉवेल गुंडाळून. बाबा आठवड्यात जे काही बोलतात ते त्या बाकावर. एरवी त्यांचं वेल्डिंगचं यंत्रच जास्त बोलतं.)

गेल्या रविवारी मी शहाणपणा केला. चार हजारांतले दोनशे उरलो होतो, सहा वाजले, म्हणून फोन पिशवीत गुंडाळून सॉनात नेला. आई म्हणाली, "चर्चमध्येही नेशील का गं तो?" आणि रागाने तापल्या दगडांवर दोन पळ्या पाणी जास्तच ओतलं. वाफेने काही दिसेना. मी अंगठ्याने फोनची काच पुसली, तर माझ्या सगळ्या चिप्स पुढे सरकल्या, म्हणजे सगळं पणाला! हातात दुर्री आणि सत्ती. याहून वाईट पानं नाहीत. आणि आत्या, तो डाव मी जिंकले. चार वर्षांचं शिक्षण तिथेच वितळलं. मग फोन तापून बंद पडला आणि जिंकलेल्या चिप्स माझ्यावाचून, सक्तीच्या पैजांत कापल्या जाऊन, हळूहळू संपल्या. बाकावर बाबा एवढंच म्हणाले, "पदवीधरबाई, पाणी प्या."

चाळीस जणांची स्पर्धा दीड तासात आटोपते, सॉना सुखरूप. पण तिथे रोज तीच माणसं. 'म्हातारा पाइक' असं माशाचं नाव घेतलेला एक खेळाडू मला पाहताच लिहितो, "आल्या का मास्तरीणबाई?" परवा त्याने कळवलं की बायको आजारी आहे. मला गलबलून आलं, मी चांगली पानं टाकून दिली. नंतर कळलं, ती दर मंगळवारी आजारी पडते.

हे पत्र लिहिताना मी तीनदा उठले, दोनदा खिडकी उघडली, एकदा बंद केली. शेवटी ठरवलं, तत्त्वापेक्षा बाबांचा बाकावरचा तास मोठा. लहान स्पर्धाच बरी.

तुझी,
हिल्ला

ता. क. काल लहान स्पर्धेत मी पहिली आले. बक्षीस: येत्या रविवारच्या मोठ्या स्पर्धेत फुकट प्रवेश.

आणखी ता. क. बाबांना मी सांगितलंय, की आत्याला आपल्याबरोबर सॉनाला यायचंय, पण तिला शुक्रवारीच जमतं. ते लगेच उठून तुझ्यासाठी, सॉनात अंगावर झोडायला, बर्चच्या डहाळ्यांची जुडी बांधायला बसले. तेव्हा दर शुक्रवारी पाचची बस धर, नाहीतर माझं काही खरं नाही. वरच्या मजल्यावरच्या ह्युवारिनेनबाईंशी तास बदलून झालाय: त्यांचा शुक्रवार आपल्याला, आपला रविवार त्यांना. जिन्याखाली लावलेल्या सॉनाच्या तासांच्या यादीत नावं मी स्वतः खोडून लिहिली, पेनाने.